पडवळ मासे खात नाही

चारुदत्त खांबेट्यांना आयुष्यात दोन गोष्टींची कधीच भीती वाटली नव्हती. एक आग आणि दुसरी जनावरं. आगीचं समजण्यासारखं होतं. एका सरकारी तेल कंपनीच्या कोलकात्याजवळच्या बजबजच्या डेपोत त्यांनी सात वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती, आणि आता एस्प्लनेडच्या ऑफिसात बसून ते पूर्व विभागातल्या सगळ्या डेपोंना आग लागू नये म्हणून काय करावं याची पत्रकं पाठवत असत. जनावरांची भीती नव्हती, कारण जनावर त्यांनी कधी पाळलंच नव्हतं!

त्यामुळे दत्तजयंतीला महाराष्ट्र मंडळात सुंठवडा वाटला जात असताना सलीलने विषय काढला तेव्हा त्यांना जराही धोका दिसला नाही. सलील हा सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीतला तरुण मुलगा. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी पोलंडला पाठवत होती आणि त्याच्याकडे एक फेरेट होता.

"फेरेट म्हणजे काय रे?" खांबेट्यांनी विचारलं.

"काका, मुंगसासारखा दिसतो. लांबडा, मऊ, एकदम माणसाळलेला. चावत नाही. म्हणजे फार नाही. चांगलं घर मिळालं तर बरं, नाहीतर कुणाच्या गळ्यात मारून जावं लागेल."

"अरे, मग आमच्याकडे दे की!" खांबेटे सुंठवड्याचा बकाणा भरत म्हणाले. "ज्या माणसाने पेट्रोलच्या चौदा टाक्या सांभाळल्या, त्याला दीड किलोचं जनावर जड जाईल होय? एक चेकलिस्ट केली की झालं!"

त्यांची बायको यामिनी तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. ती येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला होता. अठरा वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट शिकली होती. नवऱ्याने 'चेकलिस्ट' म्हटलं की घरातलं काहीतरी फुटतं.

नववीतली केतकी मात्र आनंदाने उडालीच. ती पाच वर्षांची असताना खांबेटे कोलकात्याला आले, त्यामुळे तिच्या मराठीतली लिंगं हुगळीत वाहून गेली होती. "बाबा, खरंच? आपली घरात राहणार तो? माझा खोलीत?" बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की यामिनीने तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं. नऊ वर्षांत या मुलीची चार घरं बदलली होती आणि चार वेळा तिच्या मैत्रिणी मागे राहिल्या होत्या.

गिळलेलं वाक्य घरी आल्यावर बाहेर पडलं.

"अहो, हेरंबबाबूंना काय सांगणार आहात?"

इथे हेरंबबाबूंची ओळख करून द्यायला हवी. हेरंबबाबू लाहिडी म्हणजे खांबेट्यांचे बागबाजारचे घरमालक. वय बहात्तर, विधुर, मुलगा परदेशी. खालच्या मजल्यावर ते स्वतः एकटे राहत आणि वरच्या मजल्यावर खांबेटे. या माणसाला जगात एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे मासे. रोज सकाळी सातला पिशवी घेऊन बाजारात जायचं, माशाचे कल्ले उघडून डोळ्यांत डोळे घालून बघायचं आणि स्वतःच्या हाताने रांधायचं. खांबेटे शाकाहारी आहेत हे कळल्यावर त्यांनी आस्थेने विचारलं होतं, "कब से है ये तकलीफ?"

आणि करार करताना चहा पाजून म्हणाले होते, "हमारा पूर्वज लोग आप मराठा लोग को रोकने के लिए इधर बागबाजार से खाई खोदा था. और हम देखो, आपको ऊपर का तल्ला दे दिया!"

पण करारात एक कलम होतं. कुत्रा नाही, मांजर नाही, पक्षी नाही, ससा नाही. आधीच्या भाडेकरूच्या मांजराने हेरंबबाबूंचे मासे पळवले होते. नेमके सतरा. त्यांना प्रत्येकाची जात आणि तारीख पाठ होती.

"करारात फेरेट हा शब्द नाही," खांबेटे म्हणाले.

"करारात हत्तीही नाही," यामिनी म्हणाली. "हे आपलं पाचवं घर आहे. पहिलं गळकं निघालं. दुसरं विकलं गेलं. तिसऱ्याच्या मालकाच्या मुलाचं लग्न झालं. आणि चौथ्या मालकाला तुम्ही त्याच्याच वायरिंगचा अहवाल दिलात. फोटोंसकट!"

"ते वायरिंग धोकादायक होतं."

"आपण निघाल्यापासून तो मालक ठणठणीत आहे. आता नीट ऐका. या घरातून जर निघावं लागलं ना, तर मी केतकीला घेऊन सरळ सांगलीला जाईन. पुन्हा खोकी बांधणार नाही. तुम्ही आणि तुमचं ते जनावर फूटपाथवर बसून चेकलिस्ट करा!"

यामिनी असं म्हणते तेव्हा ते करते. खांबेट्यांना हे ठाऊक होतं. पण दिलेला शब्द आणि मुलीचे डोळे यांच्यापुढे त्यांचा नाइलाज झाला. शनिवारी सलील पिंजरा ठेवून विमानतळावर गेला.

सलीलने त्या प्राण्याचं नाव मॅक्सिमस ठेवलं होतं. यामिनीने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. पांढुरका, करडा, लांबच लांब आणि टोकाला जरा वाकडा. "हे तर पडवळ आहे," ती म्हणाली, आणि बारसं झालं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाकाहारी घरात मांसाहारी प्राण्याला याहून सोवळं नाव मिळणं शक्य नव्हतं.

खांबेट्यांनी मागच्या बाल्कनीच्या दारावर 'प्राणी-सुरक्षा कार्यपद्धती, आवृत्ती पहिली' चिकटवली आणि डेपोतले रबरी हातमोजे काढून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता पडवळ मेला!

खांबेट्यांनी त्याला उचललं तर तो ओल्या टॉवेलसारखा दोन्ही बाजूंनी लोंबला. हलवलं, काही नाही. त्यांनी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे त्याला सपाट जागी निजवलं आणि खांद्यावर टिचकी मारून मोठ्या आवाजात विचारलं, "तुम्ही ठीक आहात का?"

पडवळाने उत्तर दिलं नाही. खांबेट्यांनी केतकीला मदतीसाठी ओरडायला सांगितलं, कारण पत्रकात पुढची पायरी तीच होती. केतकी खरंच रडायला लागली. खांबेटे गुडघ्यांवर बसले, दोन बोटं पडवळाच्या छातीवर ठेवली आणि मोजत दाबू लागले. एक, दोन, तीन, चार. सतराव्या दाबाला पडवळाने डोळे उघडले, जबडा फाकवून भलीमोठी जांभई दिली आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

सलीलचा फोन लागला तो दोह्याला.

"काका, तो झोपलाय! फेरेट दिवसाचे सोळा तास असेच मेल्यासारखे झोपतात. सांगायचं राहिलंच बघा."

सांगायचं बरंच राहिलं होतं. संध्याकाळी पडवळ जागा झाला, पाठीची कमान केली आणि तोंड उघडं टाकून खोलीभर तिरक्या उड्या मारत सुटला. सोबत 'टुक टुक टुक' असा आवाज. खांबेट्यांनी फिट आली म्हणून चप्पल हुंगवायला आणली. तो त्याचा आनंद होता. पाचव्या दिवशी दारावर आवृत्ती चौथी लागली.

आणि सहाव्या दिवशी सलीलने दिलेलं कोरडं खाणं संपलं.

"त्यात काय," यामिनी म्हणाली. "सकाळचा वरण-भात आहे."

पडवळाने वरण-भाताकडे पाहिलं आणि भांड्यावर कोपऱ्यातला मोजा आणून पांघरला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तर हातच जोडले. वरण नाही, पोळी नाही, दूध तर नाहीच नाही.

"पनीर?" खांबेट्यांनी शेवटची आशा धरून विचारलं.

"मिस्टर खांबेटे, इसको मांस चाहिए. चिकन, कलेजी, कभी अंडा. नहीं तो ये मर जाएगा. सच में मरेगा."

परतताना टॅक्सीत केतकीने पिंजरा मांडीवर घट्ट धरला होता. खांबेट्यांच्या घराण्यात कुणी अंड्याच्या टरफलावर चुकूनसुद्धा पाय दिला नव्हता. पण जबाबदारी घेतली ती घेतली! रविवारी सकाळी ते माकडटोपी घालून, वर मास्क लावून बागबाजारच्या बाजारात कोंबडीवाल्याच्या रांगेत उभे राहिले. जानेवारीत त्या शहरात अर्धी माणसं तशीच दिसतात, त्यामुळे आपण ओळखू येणार नाही अशी त्यांची खात्री होती.

"एक किलो... वो... मुर्गी दीजिए. प्लीज."

"लेग देगा कि ब्रेस्ट?"

"जो आपको ठीक लगे," खांबेटे डोळे मिटून म्हणाले.

खांद्यावर हात पडला. "खाम्बेटे बाबू? आप? इधर?"

मागे हेरंबबाबू उभे होते. हातात पिशवी, पिशवीतून कातला माशाची शेपटी बाहेर. खांबेट्यांपुढे दोन रस्ते होते. खरं सांगितलं तर घर गेलं, यामिनी गेली, केतकी गेली. खोटं सांगितलं तर फक्त अब्रू जाणार होती.

"डॉक्टर ने बोला है," ते म्हणाले. हे तर खरंच होतं.

"किसको?"

"मुझको."

हेरंबबाबूंचे डोळे पाणावले. त्यांनी खांबेट्यांना बाजाराच्या मधोमध मिठी मारली. कातल्याची शेपटी खांबेट्यांच्या कोटाला लागली. "शुनछेन? सुना आप लोग?" ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "हमारा मराठी बाबू अच्छा हो गया!" मग कोंबडीच्या पुडक्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "लेकिन मुर्गी तो रोगी का खाना है. आप माछ खाइए, माछ! हम है ना!"

ते आहेतच, हे दुपारी कळलं. झाकण घातलेला एक वाडगा वर आला. त्यात मोहरीच्या रश्श्यात रुई माशाचे चार तुकडे होते. सोमवारी पाबदा आला. मंगळवारी एक सबंध डोकं आलं. ते वाडग्यातून यामिनीकडे बघत होतं.

"मी दही वरच्या कप्प्यात हलवलंय," यामिनी शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलायला लागली की घरात वारासुद्धा बिचकून वाहतो. "आणि हे वाडगे काय करायचे ते तुमच्या आवृत्तीत लिहा."

"त्यात काय, पडवळ खाईल!"

माशाचा तुकडा धुऊन पडवळापुढे ठेवला. पडवळाने वास घेतला, शिंकला आणि तुकड्यावर केतकीचा रुमाल आणून टाकला. सलीलचा पोलंडहून निरोप आला, "काका, लहानपणी जे खाल्लं तेवढंच ते आयुष्यभर खातात. मासा त्याने कधी खाल्ला नाही. मेला तरी खाणार नाही."

"म्हणजे आपल्यासारखाच," यामिनी म्हणाली. तेवढ्या वाक्यापुरतं तिला त्याच्याबद्दल आपलेपण वाटलं.

मग खांबेट्यांनी आवृत्ती नववीत एक कलम घातलं. सकाळी ऑफिसला निघताना मासे पुडक्यात बांधायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर मांजराला घालायचे. पहिल्या दिवशी एक मांजर आलं. तिसऱ्या दिवशी चार आली. आठव्या दिवशी अकरा मांजरं शेपट्या उभ्या करून खांबेट्यांना श्यामबाजारच्या मेट्रोपर्यंत पोचवायला गेली. आणि एका संध्याकाळी ते ऑफिसातून परतले तेव्हा अकराच्या अकरा घराच्या फाटकापाशी रांगेत बसली होती. ओट्यावर हेरंबबाबू काठी घेऊन उभे होते.

"खाम्बेटे बाबू," त्यांनी संशयाने विचारलं, "ये बिल्ली लोग आपको देखके खड़ा क्यों होता है?"

अकरा मांजरं खरोखरच उभी राहिली होती!

"हाथ को बास आता है," खांबेटे म्हणाले. "माछ का."

"साबुन से नहीं जाता?"

"बहुत खाता हूँ ना. दोनों टाइम."

हेरंबबाबूंच्या हातातली काठी खाली आली. आपण एका माणसाला बाजारात पाहिलं काय, आणि पंधरा दिवसांत तो दोन्ही वेळा मासे खायला लागला काय! "तब तो आप तैयार हो गया," ते गंभीरपणे म्हणाले. "रविवार को हमारे घर दोपहर का खाना. हम कोइ माछ बनाएगा, फूलगोभी डालके."

कोइ हा मासा कसा असतो ते खांबेट्यांनी ऑफिसात बसून वाचून काढलं. पाण्याबाहेर काढला तरी तो मरत नाही, कल्ल्यांवर जमिनीवरून चालत सुटतो. आणि त्याच्या अंगात काट्यांशिवाय दुसरं फारसं काही नसतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुवारी यामिनीने वॉशिंग मशिन पुढे ओढलं तेव्हा मागे पडवळाचं गुप्त भांडार सापडलं. केतकीचे पाच मोजे, टीव्हीचा रिमोट, खांबेट्यांची डेपोतली शिट्टी, आणि घरात कुणाचाही नसलेला एक किरमिजी लोकरीचा मोजा.

"हा हेरंबबाबूंचा आहे," यामिनी म्हणाली आणि खुर्चीत बसली. "मी वाळत घातलेला पाहिलाय. म्हणजे हे ध्यान खाली जातं!"

बाल्कनीतून अंगणात उतरणारा एक जुना लोखंडी गोल जिना होता. त्याच्या दाराखाली तीन बोटांची फट होती. खांबेट्यांनी त्या फटीला फळी ठोकली. पडवळाने ती अकरा मिनिटांत काढली. खांबेट्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. त्यांनी हातमोजे घालून तो मोजा गुपचूप हेरंबबाबूंच्या पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मशिनमागे! पुन्हा ठेवला, पुन्हा आला. शनिवारी त्याच्याबरोबर चष्म्याचं एक घरही आलं.

"पण हा माणूस काहीच कसा बोलत नाही?" खांबेटे हैराण होऊन म्हणाले. "सतरा मासे तारीखवार लक्षात ठेवणारा माणूस मोजा विसरेल?"

"उद्या जेवायला बोलावलंय ना," यामिनी म्हणाली. "तेव्हा बोलतील." आणि तिने माळ्यावरची रिकामी खोकी किती आहेत ते मोजून पाहिलं.

रविवारी एक वाजता तिघं खाली गेले. खांबेट्यांच्या खिशात जवळच्या इस्पितळाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. हेरंबबाबूंनी टेबलावर पांढरी चादर घातली होती. यामिनी आणि केतकीसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. खांबेट्यांपुढे भात, आणि भातावर फुलकोबीच्या दोन तुऱ्यांच्या मधे विसावलेला एक अख्खा कोइ. तेलात चमकत होता. कल्ल्यांकडे बघून तो अजूनही उठून चालू लागेल असं वाटत होतं.

"शुरू कीजिए!" हेरंबबाबू समोर बसून हनुवटीखाली हात घेऊन बघू लागले.

"अहो," यामिनी हळूच म्हणाली. त्या दोन अक्षरांत पहिल्यांदाच राग नव्हता, काळजी होती.

"बाबा, नको खाऊ," केतकी टेबलाखालून त्यांचा हात धरून कुजबुजली. "मी सांगून टाकते हेरंबदादूंना. मी पडवळला देऊन टाकते कुणाला. मला चालेल." तिला अजिबात चालणार नव्हतं. तिचा खालचा ओठ थरथरत होता, आणि पाचव्यांदा काहीतरी मागे सोडायची ती आतल्या आत तयारी करत होती.

त्या ओठाकडे पाहून खांबेट्यांचं काळीज हललं. पेट्रोलच्या चौदा टाक्या गेल्या खड्ड्यात! त्यांनी कुळातल्या सगळ्या पूर्वजांची मनात क्षमा मागितली, डोळे मिटले आणि घास तोंडात घातला.

एक घास. दुसरा घास. तिसऱ्या घासाला काटा घशात अडकला!

खांबेटे लाल झाले. यामिनी किंचाळली. केतकी "तुम्ही ठीक आहात का?" असं मोठ्याने ओरडली, कारण घरातलं प्रशिक्षण तेच होतं. हेरंबबाबू मात्र जागेवरून हलले नाहीत. त्यांनी कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळला आणि खांबेट्यांच्या तोंडात कोंबला. "चबाना नहीं. गिलो." खांबेट्यांनी गिळला. काटा गेला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. टुक टुक टुक.

किरमिजी मोजा तोंडात धरून पडवळ डुलत डुलत बाहेर आला. खांबेटे कुटुंबाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरावाच्या पावलांनी तो हेरंबबाबूंच्या खुर्चीवर चढला, त्यांच्या मांडीवर मोजा अंथरला, वेटोळं केलं आणि मेला. म्हणजे झोपला.

सगळं संपलं होतं. यामिनीने डोळे मिटले. खांबेटे उठून उभे राहिले. सुरक्षा अधिकाऱ्याने अपघाताची कबुली द्यावी तसे ते ताठ उभे होते. "हेरंबबाबू, ग़लती मेरी है. ये हमारा..."

"पडवळ," हेरंबबाबू म्हणाले. "मालूम है. आप रोज सुबह ऊपर से चिल्लाता है. हम पहले सोचा, कोई मराठी ठाकुर-देवता का नाम होगा."

"आपको... कब से?"

"दूसरा दिन से. दोपहर को पीछे का सीढ़ी से आता है, आधा अंडा खाता है, इधर सोता है." त्यांचा हात पडवळाच्या पाठीवरून फिरत होता. "तीन साल हुआ, आपका मासीमा, हमारा पत्नी, चला गया. सुबह तो बाजार में निकल जाता है, खाम्बेटे बाबू. दोपहर नहीं निकलता था." ते क्षणभर थांबले, मग एकदम कुरकुरले, "और मोजा हम उसको दिया था, ठंडा लगता है उसको! आप रोज वापस क्यों रख जाता है?"

खांबेटे खाली बसले. "लेकिन वो करार... जानवर मना है ना..."

"उसमें कुत्ता लिखा है, बिल्ली लिखा है, पाखी लिखा है, खरगोश लिखा है. ये कौन-सा है?"

खांबेट्यांनी विजयी मुद्रेने यामिनीकडे पाहिलं. यामिनीने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"और हम परीक्षा भी लिया," हेरंबबाबू पुढे म्हणाले. "दस दिन टेबल पे माछ खुला छोड़के बैठा. छुआ तक नहीं! ऐसा शरीफ जानवर हम जिंदगी में नहीं देखा. माछ नहीं खाता, एक वही दोष है."

केतकी उठली आणि सरळ हेरंबबाबूंच्या गळ्यातच पडली. ती रडत काय काय बोलली ते तीन भाषांत मिळून होतं, आणि एकाही भाषेत व्याकरण नव्हतं. हेरंबबाबूंना सगळं कळलं. यामिनीने पदराच्या टोकाने डोळे टिपले आणि पहिल्यांदाच पुरी खाल्ली. माळ्यावरची खोकी माळ्यावरच राहणार होती.

खांबेट्यांच्या डोक्यात मात्र हिशेब लागेना. बाजारातली मिठी, रुई, पाबदा, ते डोकं, अकरा मांजरं, घशातला काटा! "हेरंबबाबू," ते कळवळून म्हणाले, "आपको सब मालूम था. फिर पहले क्यों नहीं बोला?"

हेरंबबाबूंनी त्यांच्याकडे निरागसपणे पाहिलं.

"हम बोल देता, तो आप माछ खाता?"

हेरंबबाबूंचे खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, मांडीवरचा पडवळही हलू लागला. "खाई खोदके," ते हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "खाई खोदके जो काम नहीं हुआ, वो एक कोइ माछ से हो गया!"

खांबेट्यांना संताप यायला हवा होता. तो आणण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्नही केला. पण यामिनी त्यांच्या ताटाकडे टक लावून बघते आहे हे लक्षात आलं आणि त्यांनी खाली पाहिलं. एवढी सगळी बोलणी चालू असताना त्यांचा उजवा हात आपलं काम करत राहिला होता. ताटात भाताचं शीत नव्हतं. फुलकोबी नव्हती. कोइचा सांगाडा शेपटीपासून डोक्यापर्यंत साफ झाला होता आणि सगळे काटे कडेला एका ओळीत, लांबीच्या क्रमाने लावलेले होते.

"कसा होता?" जिना चढताना यामिनीने विचारलं.

"काटे फार," खांबेटे म्हणाले. दोन पायऱ्यांनंतर म्हणाले, "फुलकोबी बरी होती."

पुढच्या रविवारी सकाळी सातला ते उठले, माकडटोपी घातली आणि पिशवी घेतली. मास्क लावला नाही.

"कुठे निघालात?" आतून यामिनीचा आवाज आला.

"बाजारात. हेरंबबाबू थांबलेत खाली. पडवळासाठी जरा मासे बघतो."

यामिनीने दही पुन्हा वरच्या कप्प्यात हलवलं. पिंजऱ्यातून पडवळाने एक डोळा उघडून खांबेट्यांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. फाटकापाशी अकरा मांजरं मात्र उठून उभी राहिली होती. पडवळ मासे खात नाही, हे त्यांना सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं.